दोन मुलं आहेत, म्हणून दत्तक मिळत नाही?

नाशिकला परवा लग्नाच्या पंगतीत पुन्हा तेच ऐकलं: "ज्यांना आपली मुलं आहेत त्यांना सरकार दत्तक देत नाही, आणि अपंग मूल तर परदेशीच नेतात." दोन्ही चूक. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्यालाही विशेष गरजा असलेलं मूल दत्तक घेता येतं. आपल्याच देशातल्या जोडप्याला!

नोंदणी ऑनलाइन. मग समाजसेविका घरी येऊन अहवाल लिहिते. मुलाचा वैद्यकीय अहवाल आधी हातात येतो. तो आपल्या डॉक्टरांना दाखवा, घाई करू नका. आणि आता दत्तकाचा आदेश कोर्ट नव्हे, जिल्हाधिकारी देतात.

'विशेष गरजा' म्हटलं की लोक दचकतात. आमच्या इंदिरानगरच्या शेजारणीची लेक ऐकू कमी येतं म्हणून त्या यादीत होती. रात्री ती कानातलं मशीन काढून छोट्या डबीत ठेवते आणि आईच्या गळ्यावर हात ठेवून झोपते. आई बोलली की तिला हाताला कळतं. असं मूल निव्वळ ऐकीव गोष्टींमुळे संस्थेत वाढावं, हे मला सहन होत नाही.