जबड्यासाठी पायाचेच हाड का?

मिरजेत तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन ठरले की डॉक्टर नातेवाइकांना समोर बसवून सांगतात: खालच्या जबड्याचा एवढा तुकडा जाईल, तिथे पायातले हाड बसवू. जत, आटपाडीकडून आलेली माणसे ऐकून घेतात आणि मग विचारतात, "पायाला कशाला हात लावताय साहेब? आता तर सगळं मशिनवर तयार होतंय की." या प्रश्नात अडाणीपणा काही नाही. टिश्यू इंजिनिअरिंगवाले, म्हणजे प्रयोगशाळेत शरीराचे भाग वाढवू पाहणारे, गेली तीस वर्षे हेच विचारत आहेत.

आपल्या भागात हा प्रश्न वारंवार निघतो त्याला कारण आहे. मळलेली तंबाखू, चुना, आणि बायकांच्या हातातली मशेरी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत आहे हे कुठल्याही पानटपरीवर कळते. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार देशात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण होते. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उघडले तेव्हापासून मिरज हे आजारपणात गाठायचे गाव आहे. १९६२ मध्ये तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, पुढे कराडलाही मोठे हॉस्पिटल झाले. त्यामुळे सांगली-साताऱ्याकडचा गाल-जबड्याचा रुग्ण बहुधा याच पट्ट्यात फिरतो.

चेहरा पुन्हा घडवण्याच्या इतिहासात आपल्याकडच्या एका माणसाचे नाव पहिल्या पानावर आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी (नाव पारशी वाटते, पण पत्रात त्याला मराठा म्हटले आहे) १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून आकार घ्यायचा, ती कपाळावर सपाट पसरून कडेने रेघ मारायची, तेवढे कातडे सोडवायचे आणि पिळा देऊन खाली वळवायचे. चिकटवायला पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेल्या चिंध्या.

सगळी किमया मात्र एका चिंचोळ्या पट्टीत होती. दोन डोळ्यांच्या मधली कातडीची पट्टी तो कापत नसे. तिच्यातून रक्त येत राही. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नव्या जागेत रक्ताची सोय झाल्यावर, ती कापायची. सुश्रुतसंहितेत गालाचे कातडे वळवून नाक करण्याची रीत आहे, तिच्यातही देठ, म्हणजे रक्त आणणारी पट्टी, राखायचाच असतो. इटलीत टाग्लियाकोत्सीने १५९७ च्या ग्रंथात दंडाचे कातडे नाकाला लावून हात काही आठवडे डोक्याशी बांधून ठेवण्याची पद्धत मांडली. ती कितीही विचित्र वाटली तरी हेतू तोच. कावसजीच्या त्या पत्रावरून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात ही 'भारतीय पद्धत' म्हणून रुळली.

पुढची दीडशे वर्षे मला एका वाक्यात सांगाविशी वाटतात: रक्त तुटू न देता मांस किती लांब नेता येईल, याचा शोध चालू राहिला. पहिल्या महायुद्धात सर्जन गिलीज यांनी कातडीची नळी करून ती टप्प्याटप्प्याने चेहऱ्यापर्यंत नेली. १९७९ मध्ये एरियन यांनी छातीचा स्नायू मानेखालून वर आणला. आपल्याकडे "छातीचं मांस लावलं" म्हणतात ते हेच. त्याला मायक्रोस्कोप लागत नाही, वेळ आणि पैसा कमी लागतो. त्याला जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणची एखादी ऑपरेशन यादी पाहावी.

देठ पूर्ण तोडण्याचे धाडस मायक्रोसर्जरीमुळे, म्हणजे मायक्रोस्कोपखाली शिरा जोडण्याच्या कलेमुळे, शक्य झाले. नडगीशेजारचे बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्यांसकट काढून दुसरीकडे जोडल्याचे ऑस्ट्रेलियाच्या टेलर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. ते जबड्यासाठी वापरायची रीत न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये दाखवली. शरीराचा भार मुख्यतः शेजारच्या जाड हाडावर असतो, म्हणून गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा भाग राखून मधला काढला तरी माणूस चालतो. दोन-तीन मिलिमीटरची शीर मानेतल्या शिरेला केसाहून बारीक धाग्याने जोडतात. त्यानंतर आयसीयूतली सिस्टर ठरावीक वेळाने हाडासोबत तोंडात आणलेल्या कातडीला सुई टोचून बघते. लाल थेंब आला तर ठीक. काळपट रक्त भरभर आले तर शीर तुंबली, आलेच नाही तर धमनी बंद. मग रात्री दोन वाजताही पुन्हा थिएटर.

प्रयोगशाळेचा रस्ता वेगळीकडून आला. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांना दिसले, की क्षार काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तर तिथे नवे हाड धरते. त्यातूनच पुढे बीएमपी हे नवे हाड धरायला लावणारे प्रथिन सापडले. १९७५ मध्ये राइनवॉल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी बशीत वाढवल्या. लँगर आणि वाकान्ती यांनी १९९३ मध्ये 'सायन्स'मधल्या लेखात या शास्त्राची मांडणी केली: पेशी, त्यांना धरून ठेवणारा साचा आणि वाढीचे संकेत. १९९७ मध्ये पाठीवर माणसाच्या कानाचा आकार असलेला उंदीर जगभर गाजला. त्यात माणसाची एकही पेशी नव्हती. विरघळणाऱ्या साच्यावर वासराच्या कूर्चेच्या (कानात-नाकात असते त्या लवचिक, मऊ हाडाच्या) पेशी वाढवून तो साचा उंदराच्या कातडीखाली ठेवला होता. जन्मतः कान नसलेल्या मुलांसाठी मात्र आजही बहुतेक सर्जन बरगडीची कूर्चा कोरतात.

कानाचीच निवड का झाली? कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचे थोडक्यात भागते. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी कातडीच्या कॅन्सरसाठी नाकपुडीचा भाग काढलेल्या ५ रुग्णांना त्यांच्याच नाकाच्या पडद्यातल्या पेशींपासून वाढवलेली कूर्चा बसवली, ती यशस्वी झाली. हाडाचे तसे नाही. रक्तवाहिनीपासून ०.१ ते ०.२ मिलिमीटरपलीकडे पेशी तग धरत नाहीत, आणि जबड्याचा तुकडा तर बोटाएवढा जाड. म्हणून २००४ मध्ये जर्मनीतल्या कीलच्या डॉक्टरांनी टायटॅनियमची जाळी, हाडाची खनिजे, बीएमपी-७ आणि रुग्णाचाच अस्थिमज्जा एकत्र करून सगळे ७ आठवडे त्याच्याच पाठीच्या स्नायूत ठेवले. तयार जबडा मग रक्तवाहिन्यांसकट वर आणून जोडला. त्या कावसजीच्या कपाळाने जे केले तेच इथे पाठीने केले.

आपल्या रुग्णांना आणखी एक अडचण आहे. बऱ्याच जणांना ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, लागते आणि त्याने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. शिवाय पेशींना वाढायला सांगणारे औषध कॅन्सर काढलेल्या जागी सोडायचे कसे? त्याच जातीच्या बीएमपी-२ च्या अमेरिकी परवान्यातच गाठीच्या किंवा काढलेल्या गाठीच्या जागेजवळ वापरू नये, असे बजावले आहे. घाईचा परिणाम स्टॉकहोममध्ये दिसला: सर्जन मॅक्कियारिनी यांनी २०११ पासून तिथे ज्या तिघांना प्लॅस्टिकच्या साच्यावर पेशी लावलेली श्वासनलिका बसवली, ते तिघेही दगावले. २०२३ मध्ये स्वीडनच्या न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा दिली.

या शास्त्रातले जे आपल्यापर्यंत पोचले आहे ते साधे आहे. तोंडातल्या जखमेवर लावायची कोलॅजनची पातळ पट्टी. दातांच्या दवाखान्यात रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून काढलेला पीआरएफचा, म्हणजे प्लेटलेट आणि फायब्रिनचा, गोळा. सीटी स्कॅनवरून छापलेला जबड्याचा नमुना, ज्यावर प्लेट आधीच वाकवून ठेवता येते. बाकी 'स्टेम सेलने (मूळ पेशींनी) जबडा' अशी जाहिरात दिसली तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लक्षात असू द्या. रक्ताच्या काही ठरावीक आजारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरायच्या असतात. चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते, आणि त्या प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.