होडीतली टाकी म्हणजे सेप्टिक टँक नव्हे

पावसाळाभर काठावर झाकून ठेवलेल्या शिडाच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या की माझा फोन वाजायला लागतो. मी राहतो नेरूळला, फोन वाशीपासून ठाण्यापर्यंत कुठूनही येतो, तक्रार मात्र एकच, होडीतल्या संडासाचा मैला साठवणाऱ्या टाकीची. "केबिनमध्ये बसवत नाही रे. सेप्टिक टँकची पावडर टाकली, टाकीच्या हवेच्या नळीला, त्या व्हेंटला, जाळी बांधली, तरी वास येतोच." अरे, 'तरी' काय? म्हणूनच येतो.

सेप्टिक टँक कुणाला समजावून सांगायला नको, गावच्या घरामागे असतोच. खाली गाळ, वर साय, मधलं पाणी शोषखड्ड्यात. आत हवा नसते, नसावी हेच धरून तो बांधलेला असतो. हवेविना जगणारे जिवाणू मैला कुजवतात, मिथेन आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि तो उंच पाइपातून छपरावर निघून जातो. वास असतोच, फक्त आपल्या नाकापर्यंत येत नाही.

होडीतली टाकी नुसती साठवते. तिला शोषखड्डा नाही, गाळ बसायला सवड नाही. भरली की उपसायची. (खाडीत सोडून द्यायचा विचारही नको. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिथे फ्लेमिंगो चरतात.) आकार, प्लास्टिक की स्टील, हे फरक डोळ्यांना दिसतात, ते सोडून देतो.

खरी गोची व्हेंटची. घराचा व्हेंट वायू बाहेर घालवायला असतो. होडीचा व्हेंट हवा आत यावी म्हणून लागतो. होडीवर छपराची उंची कुठून आणणार? व्हेंटचं तोंड होडीच्या कडेला, तुम्ही चहा पीत बसता तिथून हातभर अंतरावर. म्हणजे वास दूर सोडायची सोयच नाही. तो मुळात तयार होऊ द्यायचा नाही. टाकीत प्राणवायू पोचत राहिला तर हवेवर जगणारे जिवाणू वरचढ होतात, आणि ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्याला वास नाही. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलात राहत असाल तर हे तुम्ही अनुभवलंय: वीज वाचवायला कुणी एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) हवा फुंकणारा ब्लोअर बंद ठेवला की दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात. होडीतल्या टाकीचं नातं जोडायचंच तर त्या एसटीपीशी जोडा.

आता बहुतेक होड्यांत व्हेंटची नळी असते जेमतेम १६ मिलिमीटरची, वळणं घेत कपाटामागून गेलेली, मध्ये कुठेतरी झोळ पडून त्यात पाणी साचलेलं. तिच्यातून हवा काय खेळणार! किमान २५, जमलं तर ३८ मिलिमीटरची नळी घ्या. आखूड, सरळ, चढती. दोन व्हेंट, दोन बाजूंना, हे सगळ्यांत उत्तम, कारण वारा एकीकडून शिरून दुसरीकडून निघतो. आणि त्यावर डासांची जाळी बांधू नका! सेप्टिक टँकच्या पाइपाला ती बांधलीच पाहिजे, पण होडीवर बारीक जाळी मिठाने आणि कचऱ्याने चोंदते. एकाने तर जुन्या साडीचा तुकडा गच्च आवळला होता, वास बाहेर येऊ नये म्हणून. व्हेंट चोंदलेला असताना संडासाचा पंप मारत राहिलात तर टाकी फुगते, उपसायला घेतलीत तर आत चेपते. कोळशाचा फिल्टरही मला आवडत नाही. वास गाळतो खरा, पण येणारी हवाही अडवतो.

पावडरीचं म्हणाल तर हवाच नसेल तर त्यातले जिवाणू करून करून काय करतील? फिनेल, अॅसिड, ब्लीच ओतलंत तर चांगलेही मरतात.

होडीत फ्लशला बाहेरचं खारं पाणी ओढतात, हा आणखी एक घोटाळा, आणि घरात तो प्रश्नच येत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. हवा संपली की काही जिवाणू त्याचाच हायड्रोजन सल्फाइड करतात. त्यामुळे आठवडाभर होडी बांधून ठेवलीत आणि पहिल्याच फ्लशला भपकारा आला, तर टाकीला दोष देऊ नका. पाणी ओढणाऱ्या नळीत अडकलेलं खाडीचं पाणी आणि त्यातले मेलेले सूक्ष्मजीव कुजलेले असतात. निघताना गोड्या पाण्याने फ्लश करा.

एवढं करूनही वास राहिला तर नळ्या तपासा. फडकं गरम पाण्यात भिजवून पिळा, मैल्याच्या नळीभोवती गुंडाळा, गार झालं की हुंगा. फडक्याला वास लागला असेल तर रबरातूनच वास पाझरतोय. ती नळी धुऊन उपयोग नाही, बदलाच.