गोड, बिनरंगी, चिकट: ग्लिसरीन कोणतं आणि विष कोणतं?

थंडीत ओठ फुटले की आपल्याकडे ग्लिसरीन आणि गुलाबजल निघतं. तोंड आलं की बोरो-ग्लिसरीनचं बोट आतून फिरवतात. थोडं पोटात गेलं तरी कुणी घाबरत नाही, आणि नुसत्या ग्लिसरीनला घाबरायचं कारणही नाही. मुलांच्या पातळ औषधांत तर ते मुद्दाम घातलेलं असतं.

त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक द्रव आहे: डायएथिलीन ग्लायकॉल, औषध कारखान्यांच्या बोलीत डीईजी. ब्रेक ऑइल, छपाईची शाई, पॉलिएस्टर रेझिन ही त्याची खरी ठिकाणं. तोही बिनरंगी, जवळपास बिनवासाचा आणि चवीला गोडसर. पण तो पोटात गेला तर मूत्रपिंडं बंद पडतात, आणि लहान मूल असेल तर बहुतेक वेळा जीव जातो.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत आणली जात होती. साधा ताप-खोकला होता, सिरप दिलं होतं, आणि मग लघवी थांबली होती. वीसहून अधिक मुलं गेली. त्या 'कोल्ड्रिफ' सिरपचा नमुना तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासला तेव्हा त्यात 48.6 टक्के डीईजी निघालं. चालणारी मर्यादा आहे 0.1 टक्का. जवळजवळ अर्धी बाटली विषाची होती.

तेव्हा बरेच जण 'नकली औषध' म्हणाले. तो शब्द इथे बसत नाही. नकली म्हणजे दुसऱ्याच्या नावाने विकलेलं. हे औषध परवाना असलेल्या कारखान्यात, त्याच्याच लेबलखाली तयार झालेलं होतं. घोटाळा बाटलीच्या आधीचा आहे, कच्च्या मालाच्या ड्रमपाशी. म्हणून हे दोन द्रव नीट शेजारी ठेवून पाहायला हवेत.

आधी प्रश्न असा, की औषधात असा चिकट द्रव लागतोच कशाला? पॅरासिटामॉल पाण्यात फारसं विरघळत नाही. खोलीच्या तापमानाला 100 मिली पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम. मुलांच्या सिरपमध्ये 5 मिलीत 125 मिलिग्रॅम द्यायचं असेल, तर 100 मिलीत अडीच ग्रॅम मावायला हवं. नुसत्या पाण्याने ते जमत नाही. मग ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल (औषधात चालणारा असाच दुसरा द्रव) घालतात. औषध विरघळतं, कडू चव थोडी झाकली जाते, सिरपला अंगही येतं. म्हणजे ही भर अनावश्यक नाही, आणि म्हणूनच भेसळीला ती जागा कायम उघडी राहते.

आता दोन्ही द्रव जवळून पाहू. ग्लिसरीन तेल-चरबीतून निघतं, साबण करताना ते बाजूला पडतं. आपल्या शरीरातही ते आहे: चरबी मोडली की ग्लिसरॉल सुटतं आणि यकृत त्याची साखर करतं. डीईजी पेट्रोरसायनांच्या कारखान्यातलं; एथिलीन ग्लायकॉल बनवताना सोबत तयार होतं, आणि ग्लिसरीनपेक्षा स्वस्त असतं. शुद्ध ग्लिसरीन ओतलं तर एकतारी पाकासारखं सावकाश उतरतं. डीईजी पातळ तेलासारखं पटकन वाहतं. 100 मिली मोजून तराजूवर ठेवलं तर ग्लिसरीन 126 ग्रॅम भरतं, डीईजी 112.

मग घोळ कसा होतो? एक तर ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि दहा टक्के पाणी मिसळलं तरी त्याचा दाटपणा कितीतरी उतरतो. त्यामुळे थोडं पातळ ग्लिसरीन पाहून कुणाला संशय येत नाही. शिवाय भेसळ बऱ्याचदा मिसळलेली असते. आणि सगळ्यात अडचणीचं म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल. ते मुळातच पातळ असतं, साधारण डीईजीइतकंच. ते दोन ग्लास शेजारी ठेवले तर डोळ्यांनी ओळखू येणार नाहीत. जिभेवर ठेवून पाहणं तर विचारातही आणू नये.

ओळखू येतं ते गॅस क्रोमॅटोग्राफीने. नमुना तापवून वायू करतात आणि लांब, बारीक नळीतून जाऊ देतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर वेगळा कळस उमटतो. ग्लिसरीनचा कळस एका जागी, डीईजीचा दुसऱ्या. प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली आहे की वर, तेही दिसतं. या चाचणीत कुठलंही गूढ नाही. छोट्या कारखान्याकडे हे यंत्र नसेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. आपल्या औषध नियमांत तर कच्च्या मालाची प्रत्येक बॅच आणि तयार औषधाची प्रत्येक बॅच तपासण्याची अट आधीपासूनच आहे. छिंदवाड्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांना राज्यांना याच अटीची पुन्हा आठवण करून द्यावी लागली.

शरीरात गेल्यावर दोघांची वाट पूर्ण वेगळी होते. ग्लिसरीनची साखर होते. डीईजीचं यकृतात डायग्लायकॉलिक आम्ल बनतं आणि ते मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशी मारतं. पहिले एक-दोन दिवस उलट्या, पोटदुखी, गुंगी. ताप-खोकल्याच्या मुलात हे कुणाला वेगळं वाटणार? मग लघवी कमी होते, थांबते. आई-वडील मात्र मूल बरं व्हावं म्हणून तेच सिरप दिवसातून तीनदा पाजत असतात. या सगळ्यातलं मला सगळ्यात असह्य वाटतं ते हे.

1937 साली अमेरिकेत पहिल्यांदा हे घडलं तेव्हा द्रव चुकून बदललेला नव्हता. सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात हवं होतं, ते डीईजीत छान विरघळलं, रास्पबेरीचा स्वाद घातला आणि बाजारात आणलं. ते विष आहे का हे कुणी तपासलं नाही. शंभराहून अधिक माणसं मेली, त्यांत बरीच मुलं. तेव्हाच्या कायद्यात विषारी औषध विकणं हा गुन्हाच बसत नव्हता. कंपनीवर ठपका आला तो 'एलिक्झिर' (म्हणजे अल्कोहोल असलेलं पातळ औषध) म्हणून विकलं पण त्यात अल्कोहोल नव्हतं, एवढ्यावरून. पुढच्याच वर्षी, 1938 मध्ये, अमेरिकेने विक्रीआधी औषधाची सुरक्षितता दाखवण्याची सक्ती करणारा कायदा केला.

त्यानंतरच्या घटनांत अज्ञान ही सबब उरत नाही. आपल्या मुंबईतच, 1986 च्या सुरुवातीला, जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण गेले. डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब उतरवण्यासाठी ग्लिसरॉल पाजतात, ते त्यांना दिलं होतं, आणि त्यात डीईजी मिसळलेलं होतं. औषध म्हणून आलेला माल औषधी दर्जाचा नव्हताच, कारखान्यांत वापरायचा होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने याची चौकशी केली. खरेदी, तपासणी, राज्याचं अन्न व औषध प्रशासन (एफडीए) आणि मंत्रालय अशी साखळी त्यांनी एकेक कडी करून उलगडली आणि मंत्र्यांनाही सोडलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. महाराष्ट्राने तिची आठवण नीट जपायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

2006 मध्ये पनामात तर ड्रमचा पूर्ण प्रवासच उघड झाला. चीनमधून निघालेला माल स्पेनमधल्या व्यापाऱ्यामार्फत पनामाला पोचला. मूळ लेबलवर 'टीडी ग्लिसरीन' होतं. टीडी हे 'पर्यायी' अशा अर्थाच्या चिनी शब्दाचं लघुरूप. वाटेत एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रमाणपत्राची नक्कल होत गेली, उत्पादकाचं नाव गळालं, आणि शेवटी कागदावर उरलं 99.5 टक्के शुद्ध ग्लिसरीन. कुणीही ड्रम उघडून तपासला नाही. सरकारी प्रयोगशाळेने त्यातून खोकल्याचं औषध बनवलं आणि शंभराहून अधिक लोक गेले.

2022 मध्ये गांबियातल्या सुमारे 70 मुलांच्या मृत्यूंचा संबंध भारतात बनलेल्या सिरपांशी जोडला गेला आणि जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. त्यानंतर 1 जून 2023 पासून आपल्या सरकारने निर्यातीच्या कफ सिरपला सरकारी प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची केली. परदेशात जाणारी बाटली बंदर सोडण्याआधी तपासली जाऊ लागली. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाच्या दुकानातल्या बाटलीला तशी चाळणी नव्हती. ज्या देशातून औषधं जगभर जातात, तिथल्या मुलांनाही निदान तेवढीच तपासणी मिळायला हवी.

घरी बसून हे दोन द्रव आपण ओळखू शकत नाही, हे स्पष्टच सांगते. लेबल वाचूनही कळणार नाही, कारण लेबलवर ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलच लिहिलेलं असणार. पण सिरप लागतंच का, हे विचारणं आपल्या हातात आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारने पुन्हा सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली वापरू नये, असा आदेश 2023 मध्येच निघाला होता. कोल्ड्रिफमध्ये हीच जोडी होती. साधा खोकला बहुतेक मुलांत आपोआप जातो. पाणी, कोमट पेज आणि विश्रांती पुरते.

सिरप चालू असताना मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, उलट्या करू लागलं किंवा गुंगीत राहिलं, तर पुढचा डोस थांबवा आणि लगेच रुग्णालय गाठा. लवकर कळलं तर यकृतात डीईजीचं विष बनणं रोखणारं फोमेपिझोल नावाचं औषध आहे, आणि डायलिसिस आहे. जाताना बाटली फेकू नका, धुऊ नका. उरलेल्या औषधासकट सोबत न्या. बॅच क्रमांक त्या लेबलवर असतो, आणि तळाशी राहिलेल्या चार चमच्यांवरून प्रयोगशाळा सांगू शकते, त्यात काय होतं. त्याच बॅचच्या बाटल्या तेव्हा आणखी घरांत उघडलेल्या असतात.