श्री भवानी संग्रहालय, औंध

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध येथे, यमाईच्या डोंगराच्या उतारावर असलेले कलासंग्रहालय. पुण्यातल्या औंधशी याची गल्लत करू नये. हे पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचे गाव. डोंगरमाथ्यावर यमाईचे मूळपीठ आहे आणि संग्रहालय त्या वाटेवरच लागते.

संस्थापक भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि प्रजेला स्वराज्य देणारे राजे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, पण या नोंदीपुरती महत्त्वाची गोष्ट वेगळी: ते स्वतः चित्रकार होते. रामायणातील प्रसंग त्यांनी स्वतः रंगवले, अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास करून त्यांवर लिहिले. संस्थानिकांनी चित्रे विकत घेणे नवीन नव्हते. ती बहुधा दिवाणखान्यात राहत. बाळासाहेबांनी आपला संग्रह १९३८ मध्ये खास इमारत बांधून लोकांपुढे मांडला.

इमारतीतला उजेड आवर्जून पाहण्यासारखा आहे. चित्रांवर नैसर्गिक प्रकाश वरून, उंचावरच्या झरोक्यांतून उतरेल अशी दालनांची रचना आहे. तैलचित्रावर समोरून ऊन पडले की रोगण चकाकते आणि रंग दिसेनासे होतात. इथे ते टळते. ही काळजी हातात कुंचला धरलेल्या माणसाचीच.

राजा रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आणि ‘दमयंती’ ही इथली सर्वांत प्रसिद्ध चित्रे. महादेव विश्वनाथ धुरंधर, बाबूराव पेंटर यांचीही कामे आहेत. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदाभ्यासक म्हणून सर्वांना ठाऊक असतात. ते उत्तम चित्रकारही होते आणि औंधात त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले.

घाईतल्या पर्यटकाच्या नजरेतून लघुचित्रे हमखास सुटतात. पहाडी शैलीतील किरातार्जुनीय चित्रमाला तर निवांत बसून पाहावी अशी आहे. भारवीच्या महाकाव्यातली ही कथा: अर्जुन तप करतो आहे, रानडुकराच्या रूपातला दानव चालून येतो, अर्जुनाचा आणि किराताच्या वेषातल्या शिवाचा बाण त्याला एकाच वेळी लागतो, आणि शिकार कोणाची यावरून दोघांची जुंपते. संस्कृत काव्य, हिमालयाच्या कुशीतली चित्रशैली आणि माणदेशाला लागून असलेले दुष्काळी गाव यांची गाठ इथे पडते.

शिल्पांत पांडोबा पाथरे यांची सहा ऋतूंची शिल्पे आहेत. चंदन आणि हस्तिदंतातील कोरीवकामही आहे. पण कलाविद्यार्थी मुद्दाम वाट वाकडी करून येतात ते हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या ‘आई आणि मूल’ या दगडी शिल्पासाठी. रविवर्म्याच्या रेशमी साड्यांवरून नजर काढून या गुळगुळीत, तपशील गाळून टाकलेल्या दगडाकडे वळली की क्षणभर अडखळायला होते. एकाच छपराखाली दोन्ही ठेवणाऱ्या संग्राहकाची आवड किती मोकळी होती, हे त्या अडखळण्यातच कळते.

युरोपीय चित्रांच्या आणि शिल्पांच्या प्रतिकृतीही बऱ्याच आहेत. ‘नकलाच तर आहेत’ म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवली जाते, हे योग्य नाही. रंगीत छपाई दुर्मीळ असताना खटाव-माणमधल्या ज्या मुलाला रोम किंवा पॅरिस गाठणे शक्यच नव्हते, त्याला मानवी देहाचे प्रमाण आणि छायाप्रकाश पूर्ण आकारात समजून घ्यायला याच प्रतिकृती होत्या.

संस्थान विलीन झाले. संग्रहालय आता महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.