जिनिव्हाच्या तीस मुली आणि पेन्शनचा हिशेब

निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या मंडळींच्या गप्पांत ‘वार्षिकी म्हणजे तोट्याचा सौदा’ हे वाक्य हमखास ऐकू येते. एकरकमी पैसे भरायचे आणि त्या बदल्यात तहहयात ठरावीक पेन्शन घ्यायची, असा हा करार असतो. हाती पडणारी रक्कम तुटपुंजी वाटली की दोष कंपनीच्या नफेखोरीला दिला जातो. नफा आणि खर्च त्यात असतातच, परंतु एक कारण खुद्द ग्राहकांमध्ये दडलेले असते आणि ते समजून घेण्यासाठी अठराव्या शतकातील फ्रान्ससारखे दुसरे उदाहरण नाही.

१७७० च्या दशकात फ्रेंच राजसत्ता कर्ज उभारण्यासाठी अशा वार्षिकी विकत असे. दर साधारण दहा टक्के होता आणि घेणारा साठीचा असो वा सहा वर्षांचा, तो बदलत नसे. शिवाय पैसे एकाने भरावेत आणि करार दुसऱ्याच्या आयुष्याला बांधावा, अशीही मुभा होती. जिनिव्हाच्या सावकारांनी ही फट अचूक हेरली. देवीच्या आजारातून उठलेल्या, सुखवस्तू घरांतील तीस लहान मुली त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने निवडल्या आणि गुंतवणूकदारांचा पैसा त्या तीस आयुष्यांवर विभागून लावला, म्हणजे एखादी मुलगी अकाली गेली तरी बाकीच्यांवर उत्पन्न चालू राहावे. मुद्दल दहा वर्षांत वसूल होणार होते आणि मुली त्यापुढे कित्येक दशके जगण्याची शक्यता होती. सावकारांचा आयुर्मानाचा अंदाज चुकला नाही, चुकला तो राजसत्तेच्या आयुष्याचा: क्रांतीनंतर कागदी चलन घसरले आणि १७९७ मध्ये फ्रान्सने आपल्या कर्जाचा दोन तृतीयांश भाग जवळजवळ बुडीत काढला.

सावकारांनी जे जाणूनबुजून केले, तेच बाजारात कोणताही कट न होता घडते. व्याज बाजूला ठेवून एक काल्पनिक हिशेब करू. साठीच्या माणसांचे तीन समान गट आहेत आणि ते अनुक्रमे १०, २० आणि ३० वर्षे जगणार आहेत. सरासरी २० वर्षे धरून कंपनी ३० लाखांवर वर्षाला दीड लाख देऊ करते. पहिल्या गटाला आपल्या प्रकृतीची कल्पना असेल, तर ३० लाख भरून १५ लाख परत घेण्याचा व्यवहार तो करणार नाही. तो गेला की उरलेल्यांची सरासरी २५ वर्षांवर जाते आणि पेन्शन १ लाख २० हजारांवर उतरवावी लागते. आता दुसऱ्या गटाला ३० लाखांचे २४ लाखच मिळतात, म्हणून तोही बाहेर पडतो. शेवटी फक्त दीर्घायुषी उरतात आणि दर एक लाखावर येतो. अर्थशास्त्रात याला प्रतिकूल निवड म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणावरून हे तर्कशास्त्र मांडले, तर रॉथशील्ड आणि स्टिग्लिट्झ यांनी १९७६ मध्ये विमाबाजारासाठी दाखवले की कंपन्या वेगवेगळ्या अटींचे करार समोर ठेवतात आणि ग्राहक आपल्या निवडीतूनच स्वतःची जोखीम उघड करतो. प्रत्यक्षात बाजार सहसा इतका कोसळत नाही, कारण पैसे संपल्यावरही आपण जिवंत असू, ही धास्ती टाळण्यासाठी माणसे थोडा तोटा सोसतात.

आपले आयुष्य किती, हे प्रकृती आणि घराण्याचा इतिहास यांवरून माणसाला अंधूकच कळते. तळहातावरील आयुष्यरेषेतून ते खरोखर वाचता आले असते, तर हस्तसामुद्रिकांनी भविष्य सांगण्याऐवजी वार्षिकीच विकत घेतल्या असत्या.

गळती रोखण्याचा सरळ उपाय म्हणजे सक्ती. राष्ट्रीय पेन्शन योजनेतून निवृत्त होणाऱ्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला जमा रकमेचा किमान ४० टक्के भाग वार्षिकीत घालावा लागतो, तो अनेकांना जाचक वाटतो. पण त्यामुळे अल्पायुषी माणसेही गटात राहतात आणि दर सावरतो. या सावरण्याची किंमत आजारी माणूस मोजतो, ही तक्रार मात्र मला रास्त वाटते. आणि सक्तीनेही निवड पुरती थांबत नाही. एमी फिंकेलस्टीन आणि जेम्स पोटर्बा यांनी २००४ मध्ये ब्रिटनमधील वार्षिकीधारकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दरवर्षी वाढत जाणारी पेन्शन निवडणारे अधिक जगत होते, तर मृत्यूनंतर वारसांना काही रक्कम मिळावी असा प्रकार निवडणारे तुलनेने लवकर जात होते. आणि हा फरक ज्या गटाला वार्षिकी घेणे बंधनकारक होते, त्यातही आढळला.