आग्वादच्या दिव्याचा बल्ब किती मोठा असेल?

गोव्यात मिरामारला अंधार पडला की मांडवी नदीच्या पलीकडे आग्वादच्या दीपस्तंभाचा दिवा लुकलुकायला लागतो, आणि शेजारचं कुणीतरी हमखास म्हणतं, "बापरे, केवढा बल्ब असेल तिथं!" हे डोक्यातून काढाच. जुना दीपस्तंभ १८६४ चा, १९७६ पासून त्याच्याजवळचं नवीन लाइटहाऊस काम करतंय, पण कुठल्याही मोठ्या लाइटहाऊसमध्ये खरी करामत बल्बची नसते, काचेची असते.

दिवा उजेड चहूकडे फेकतो. आकाशात आणि खाली खडकावर गेलेला उजेड जहाजाच्या काय कामाचा? आधी मागे आरसे लावायचे, पण धातूचे आरसे बराच उजेड गिळायचे. भिंग लावावं तर मोठं भिंग मध्ये फूटभर जाड होणार, वजन प्रचंड. इथं ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच इंजिनिअरचं डोकं चाललं. उजेड वाकतो तो काचेच्या पृष्ठभागावर, आतली जाडी नुसतंच वजन. मग उंड्याचं (गोव्याच्या गोल पावाचं) वरचं कडक कवच ठेवून मऊ गाभा कोरून टाकावा तसं त्याने केलं आणि उरलेल्या कवचाच्या गोल रिंगा एकाच पातळीत बसवल्या. १८२३ मध्ये असं पहिलं भिंग फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात लागलं, तेही आग्वादसारखंच नदीच्या मुखाशी.

दिव्याच्या फार वर-खाली जाणारे किरण मात्र नुसत्या वाकवण्याने आडवे होत नाहीत. तिथं त्रिकोणी प्रिझम लागतात. काचेतून बाहेर पडू पाहणारा किरण पृष्ठभागाच्या लंबाशी साधारण ४२ अंशांपेक्षा जास्त कोन करत असेल तर तो बाहेर पडतच नाही, जवळजवळ सगळाच्या सगळा आत परततो, कुठल्याही आरशापेक्षा चांगला. (हणजुणच्या बाजारात 'एनर्जी क्रिस्टल' विकतात ना, त्यांच्यापेक्षा ही साधी काच बरंच काही करते, आणि तेही मंत्राशिवाय.)

आता बल्ब. पहिल्या दर्जाच्या मोठ्या भिंगांचं फोकल अंतर, म्हणजे भिंगापासून दिवा ठेवायच्या जागेपर्यंतचं अंतर, ९२ सेंटिमीटर असायचं, त्या जागी ९ सेंटिमीटर रुंदीची ज्योत ठेवली तर झोत साडेपाच अंश फाकतो, आणि १ सेंटिमीटरचा उगम ठेवला तर जेमतेम पाऊण अंशसुद्धा नाही, म्हणजे उगम जितका लहान तितका झोत घट्ट, दिवा उगाच मोठा केलात तर उजेड फाकून वायाच जायचा.

बऱ्याच लाइटहाऊसमध्ये दिवा चालू-बंदही होत नाही, भिंग फिरतं. त्याच्या प्रत्येक पॅनलमधून एक झोत निघतो, तो तुमच्यावरून गेला की चमक दिसते. ४ पॅनल आणि २० सेकंदांत एक फेरी, तर दर ५ सेकंदांनी चमक. प्रत्येक लाइटहाऊसची चमकण्याची लय ठरलेली असते, तेवढ्यावरून जीपीएस बंद पडलेल्या ट्रॉलरवरच्या तांडेलालाही समोर कुठला दिवा आहे ते कळतं.

एक गंमत म्हणजे हे सगळं उलटंही चालतं. दिवसा उन्हाचे किरण त्याच भिंगातून शिरून दिव्याच्या आसपास गोळा होतात आणि आतलं सामान जाळू शकतात, म्हणून अशा मोठ्या भिंगांच्या दीपगृहात सकाळी काचांना पडदे ओढून ठेवायची पद्धत आहे.