परत जाताय? मायदेशी मिळणाऱ्या मदतीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

आयओएम, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना, स्वेच्छेने मायदेशी परतणाऱ्यांना १९७९ पासून मदत करतेय. तिकीट असतंच, पण आपल्या माणसांत गेल्यावर पुन्हा उभं राहायलाही मदत असते. फक्त विमानातून उतरलं की हातात नोटांचं पुडकं पडेल असं समजू नका, बहुतेक मदत वस्तू आणि सेवांमधून येते आणि पैसे थेट दुकानदाराला जातात.

आश्रयाचा अर्ज फेटाळलेले, व्हिसा संपलेले, अर्ध्या वाटेत अडकलेले असे लोक साधारण यात बसतात. अट एकच पक्की, जाणं स्वतःच्या मर्जीने हवं आणि तशी सही द्यावी लागते. रक्कम मात्र कुठल्या देशातून निघालात आणि पैसा कोण देतंय त्यावर ठरते, म्हणून शेजारच्याला किती मिळाले यावर हिशेब मांडू नका. मायदेशात परिस्थिती बिघडलेली असेल तर आधी विचारा की तिकडचं परतणं चालू आहे का, कारण ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानसाठी ते थांबवलं होतं.

कागदपत्रांत पासपोर्ट, तो नसेल तर दूतावासाकडून तात्पुरता प्रवास दाखला, कुटुंबाचे दाखले, आजार असेल तर डॉक्टरचं पत्र. एकटं अल्पवयीन मूल असेल तर प्रकरण वेगळं, तिथे पालकांचा शोध आणि मुलाचं हित बघूनच पुढे जातात. घर जळालं, कागद गेले तर लाजू नका, काय गेलं ते केसवर्करला, म्हणजे तुमचं प्रकरण बघणाऱ्या माणसाला, पहिल्याच भेटीत सांगा आणि नोंद करून घ्या.

खरी अडचण येते ती कोटेशनला, म्हणजे दुकानदाराने वस्तूची किंमत लिहून दिलेल्या कागदाला. शिलाई मशीन घ्यायचंय, दुकानाचं शिक्क्याचं कोटेशन मागतात, कधी दोन-तीन दुकानांची, आणि इकडे लढाईने बाजार उठलेला, उघडं दुकान एकच, त्याच्याकडे ना शिक्का ना बँक खातं. अशा वेळी दुसरी कोटेशनं खोटी बनवू नका, पकडलं तर सगळंच अडकतं. एकच दुकान चालू आहे हे लेखी कळवा आणि पर्याय काय ते विचारा. माझं मत, सगळा पैसा धंद्यात घालू नका, त्याच मदतीत बऱ्याचदा औषधपाणी, समुपदेशन, मुलांची शाळाही बसते, आणि कर्ज डोक्यावर घेऊन रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला आधी झोप लागायला हवी, मग दुकान.

हो, आणि पोचल्यावर सिम बदललं तर नवा नंबर केसवर्करला लगेच द्या, जिथे ते येऊ शकत नाहीत तिथे सगळी चौकशी फोनवरच होते.